मोजण्याआधी सांग

लहान मुलांना खेळातून गणित शिकवण्याच्या कल्पना शोधल्या तर ढिगाने सापडतात. अवघड जाते ते कोणता खेळ कोणत्या मुलापुढे केव्हा मांडायचा हे ठरवणे. पाच ते आठ वर्षे वयाच्या मुलांच्या एका छोट्या गटाबरोबर मी आठवड्यातून दोनदा दुपारी बसते. सुरुवात केली तेव्हा माझ्याजवळ बटणे, खडे, काड्या, फासे, पुठ्ठ्याचे तुकडे, एक साधा तराजू आणि रंगीत लाकडी पट्ट्यांचा एक संच एवढे साहित्य होते. आजही जवळजवळ तेवढेच आहे, मात्र त्याला हात लावण्याआधी विचारायचे प्रश्न पुष्कळ वाढले आहेत. हात आधी चालला आणि डोके मागून आले तर वेळ मजेत जातो, पण त्यातून गणित होतेच असे नाही. म्हणून "मोजण्याआधी सांग, किती असतील?" हा प्रश्न आमच्याकडे इतका रुळला आहे की आता मुलेच तो एकमेकांना विचारतात.

सुरुवातीचे दिवस मी शिकवण्यात न घालवता कोण कुठवर आले आहे हे पाहण्यात घालवले. "शंभरपर्यंत अंक येतात" असे पालक सांगतात आणि ते खरेही असते. पण अंक म्हणता येणे आणि वस्तू मोजता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली: प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा, अंकांचा क्रम कायम ठेवायचा, शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण संख्या, कोणत्याही वस्तू मोजता येतात आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही. यांतले तिसरे तत्त्व बहुतेक मुलांना सर्वांत उशिरा उमगते, असा माझा अनुभव आहे. एक मुलगा नऊ बटणे अगदी बिनचूक मोजत असे, पण "मग किती झाली?" असे विचारले की पुन्हा एकपासून मोजायला लागे, कारण त्याच्या दृष्टीने "किती" या प्रश्नाचे उत्तर एखादी संख्या नसून मोजण्याची कृती हेच होते. त्याच्यासाठी खेळ उलटा केला. समोर बटणांचा ढीग ठेवायचा आणि "मला सात दे" एवढेच म्हणायचे. मूठभर बटणे उचलून देणारे मूल आणि सातवर येऊन हात थांबवणारे मूल यांच्यातला फरक या एका मागणीने लगेच दिसतो. बटणे गोलाकार मांडली की आणखी एक अडचण उघड होते: कुठून सुरुवात केली हे लक्षात राहत नाही आणि मूल फेऱ्या मारत राहते. त्यावर मुलांनीच उपाय काढला. पहिल्या बटणावर खडा ठेवायचा.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध प्रयोगही मी करून पाहिला. सहा-सहा बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि दोन्हींत सारखीच बटणे आहेत हे मुलीकडून वदवून घेतले. मग तिच्या डोळ्यांदेखत एका ओळीतली बटणे लांब लांब सरकवली. "ताई, आता हिच्यात जास्त झाली," ती ठामपणे म्हणाली. मधे एकही बटण ठेवले किंवा काढले नव्हते हे तिने पाहिले होते, तरीही लांबीने संख्येवर मात केली. या वयात हे स्वाभाविक असते आणि "चूक" असे सांगून काही साधत नाही, म्हणून पुढे अनेक दिवस आम्ही फक्त जोड्या लावण्याचे खेळ खेळलो: वरच्या ओळीतल्या प्रत्येक बटणापासून खालच्या ओळीतल्या बटणापर्यंत दोरा ताणायचा आणि कोणाला जोडीदार उरत नाही ते पाहायचे. पसरलेल्या ओळीतही दोरे पुरतात आणि एकही बटण एकटे राहत नाही, हे तिने स्वतः बोटाने तपासले. त्यानंतर ती लांबीवरून निकाल देण्याआधी थबकू लागली. तेवढे मला पुरेसे होते. पुढचे काम वय करते.

ठिपक्यांच्या पत्त्यांचा खेळ दिसायला सर्वांत साधा आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे. पत्त्यावर काही ठिपके असतात, तो क्षणभर दाखवून पालथा घालायचा आणि किती दिसले ते विचारायचे. तीन-चार वस्तूंपर्यंतची संख्या माणसाला न मोजता, एका दृष्टिक्षेपात कळते. त्यापुढे डोळा गट पाडू लागतो आणि बेरीज तिथे सुरू होते. म्हणून "किती" याच्यापेक्षा "तुला कसे दिसले?" हा प्रश्न अधिक कामाचा ठरतो. दोन ओळी आणि प्रत्येकीत पाच घरे अशी दहा घरांची चौकट घेतली आणि तिच्यात सात ठिपके दाखवले, तर एक मूल म्हणते "वर पाच, खाली दोन", दुसरे म्हणते "तीन घरे रिकामी आहेत, म्हणून सात", तर तिसऱ्याला चार आणि तीन दिसतात. तिघांचेही उत्तर सात असते, पण दुसऱ्याने नकळत दहातून तीन वजा केलेले असतात. दहाच्या जोड्या पाठ करून घेण्याची वेळ आमच्यावर आली नाही, कारण रिकामी घरे पाहून पाहून ३ आणि ७, ४ आणि ६ हे जोडीदार मुलांच्या डोळ्यांत बसले होते. ८ + ५ करताना पाचातले दोन आधी आठाला देऊन चौकट भरायची आणि उरलेले तीन पुढे ठेवायचे, ही युक्तीही चौकटीनेच शिकवली.

फासे आणि सोंगट्यांच्या पटाबद्दल मी थोडी अधिक काटेकोर आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळापूर्व वयाची मुले १ ते १० अंकांच्या सरळ पटावर प्रत्येकी सुमारे १५ मिनिटांच्या चार बैठकी खेळली, आणि तेवढ्याने त्यांची संख्यांची जाण सुधारली. त्याच आकाराच्या, पण अंकांऐवजी फक्त रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांमध्ये तशी सुधारणा दिसली नाही. कारण समजण्यासारखे आहे. सरळ पटावर मोठी संख्या म्हणजे जास्त अंतर, सोंगटीच्या जास्त उड्या, जास्त अंकांचे उच्चार आणि जास्त वेळ, असे सगळे एकाच दिशेने वाढत जाते. सापशिडीच्या पटावर ओळ संपली की दिशा उलटते, त्यामुळे लहानांना २० नंतर २१ थेट वर आहे हे पटवण्यातच वेळ जातो. म्हणून मी पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून तिच्यावर अंक लिहिले आणि सापशिडी मोठ्या मुलांसाठी राखून ठेवली.

या पट्टीवरचा एक वाद मात्र जवळजवळ प्रत्येक मुलाबरोबर होतो. सोंगटी ५ वर आहे, फाश्यावर ३ पडले आहेत. मूल ५ च्याच घरावर बोट ठेवून "एक" म्हणते आणि ७ वर पोचते. त्याला हटकले की त्याचे म्हणणे असते की हेही घरच आहे, मग ते का मोजायचे नाही? प्रश्न चुकीचा नाही. घरे मोजायची की उड्या, हा तो खरा प्रश्न आहे आणि पुढे पट्टीने लांबी मोजताना शून्याऐवजी एकच्या रेघेपासून सुरुवात करणारी मुले हाच घोळ घालतात. मी नियम सांगत बसत नाही. सोंगटी उचलायला लावते आणि ती पटावर टेकल्याचा आवाज मोजायला सांगते. उचलल्याशिवाय टेकत नाही, त्यामुळे ५ चे घर आपोआप सुटते. त्याच वेळी "एक, दोन, तीन" न म्हणता "सहा, सात, आठ" म्हणायचा आग्रह धरते. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण मूल पाचपासून पुढे मोजू लागले की बेरजेसाठी प्रत्येक वेळी एकपासून मोजण्याची सवय सुटते.

दोन फाश्यांची शर्यतही मोठी मुले आवडीने खेळतात. १ ते १२ अशा बारा धावपट्ट्या आखायच्या, प्रत्येकाने एक निवडायची आणि दोन फाश्यांची बेरीज येईल ती सोंगटी एक घर पुढे सरकवायची. सुरुवातीला १२ साठी भांडणे होतात, कारण तो सर्वांत मोठा. कोणीतरी १ सुद्धा घेते आणि बराच वेळ वाट पाहिल्यावर संशयाने फाश्यांकडे बघू लागते. ७ का जिंकतो याचे उत्तर मी देत नाही. ७ कसा कसा पडू शकतो याची यादी करायला सांगते, तेव्हा एकूण ३६ शक्यतांपैकी ६ त्याच्या वाट्याला आणि १२ च्या वाट्याला फक्त एक आहे हे हळूहळू कागदावर उतरते.

दशक-एकक शिकवण्यासाठी काड्या आणि रबरबँड यांच्याहून चांगले साधन मला अजून मिळालेले नाही. झोल्तान डीनेश या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे दशमान ठोकळे सुबक असतात. एकाचा घन, दहाचा दांडा, शंभराची लादी आणि हजाराचा मोठा घन. मात्र दहाचा दांडा सुटा होत नाही, त्यामुळे त्यात दहा एकक आहेत हे मुलाला मान्य करून चालावे लागते. काड्यांचा गठ्ठा त्याने स्वतः बांधलेला असतो आणि हवा तेव्हा सोडताही येतो. खेळ असा: फासा टाकायचा, पडतील तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा आणि डावीकडच्या खणात ठेवायचा, सुट्या काड्यांच्या खणात कधीही नऊपेक्षा जास्त राहू द्यायच्या नाहीत. ज्याचे दहा गठ्ठे आधी होतील तो जिंकला. नियम अंगवळणी पडल्यावर खेळ उलट्या बाजूने खेळायचा, शंभरापासून शून्याकडे. आता मुलाजवळ चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत आणि फाश्यावर पाच पडले आहेत. ते सुट्या खणाकडे बघते, माझ्याकडे बघते आणि मग एका गठ्ठ्याचे रबर काढते. हातच्याच्या वजाबाकीत "शेजाऱ्याकडून दहा घ्या" असे फळ्यावर जे सांगितले जाते ते इथे कोणीही न सांगता घडते. एवढे झाल्यावरच मी त्याच्याकडून ४२ – ५ वहीत मांडून घेते आणि ४ खोडून ३ लिहिताना विचारते, "तू आत्ता काय सोडलेस?"

संख्यांची नावेही याच काड्यांवर तपासून पाहावी लागतात, कारण आपण "पंचवीस" म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना मात्र २ आधी लिहितो. ऐकून लिहिणारे मूल ५२ लिहिते, यात त्याचा निष्काळजीपणा नसतो. "एकोणतीस" ऐकले की "तीस" कानात राहतो आणि वहीत ३९ उमटते. आम्ही तीन पूर्ण गठ्ठे घेऊन शेवटच्यातून एक काडी काढतो आणि मग नाव पुन्हा म्हणतो. गठ्ठा मोडला, दोनच पूर्ण उरले आणि नऊ काड्या सुट्या झाल्या, हे पाहिल्यावर एकोणचाळीस आणि एकोणपन्नास सांगायला मुलांना माझी गरज उरत नाही. ९९ ला मात्र एकोणशंभर का म्हणत नाहीत, असा प्रश्न एका मुलीने विचारला. तिचा तर्क इतका सरळ होता की आमच्या खेळात ९९ ला दोन्ही नावे चालतात असा ठरावच आम्ही केला.

साहित्य जितके आकर्षक तितके चांगले, या समजुतीशी मी सहमत नाही. कोणीतरी हौसेने प्राण्यांच्या आकाराच्या मोजणीच्या सोंगट्या भेट दिल्या होत्या. पाच हत्ती आणि तीन ससे यांची बेरीज करायला सांगितली की हत्ती सशांना पाठीवर घेतात आणि गोष्ट सुरू होते. गोष्टीला माझी हरकत नाही, पण वस्तू स्वतःच इतकी रंजक असली की ती संख्येची खूण म्हणून मुलाला दिसेनाशी होते. एखादी वस्तू दुसऱ्या कशाची तरी खूण आहे हे मुलांना कसे कळते, यावर मानसशास्त्रज्ञ जुडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातही हाच इशारा आहे. साधी, एकाच रंगाची बटणे या बाबतीत फार सोयीची.

रंगीत पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे रंगालाच काम दिलेले आहे. जॉर्ज क्यूझनेर या बेल्जियन शिक्षकाने तयार केलेल्या या संचात एक सेंटिमीटरच्या पांढऱ्या पट्टीपासून दहा सेंटिमीटरच्या नारिंगी पट्टीपर्यंत प्रत्येक लांबीला ठरावीक रंग असतो आणि कोणत्याही पट्टीवर अंक लिहिलेला नसतो. आठ सेंटिमीटरच्या तपकिरी पट्टीखाली तिच्याच लांबीच्या जोड्या लावत जायचे, एवढाच खेळ: पिवळी आणि फिकट हिरवी, दोन जांभळ्या, लाल आणि गडद हिरवी. अंक नसल्यामुळे मूल पाठ केलेले उत्तर म्हणून दाखवू शकत नाही. त्याला बघावेच लागते.

बरोबरच्या चिन्हाचा प्रश्न मी याच पट्ट्यांवर सोडवला. ५ + ३ = ८ सगळे बिनदिक्कत लिहितात, पण ८ = ५ + ३ लिहून दाखवले की "हे उलटे आहे" अशी तक्रार येते आणि ५ + ३ = ६ + २ हे तर साफ नामंजूर होते. मुलांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" अशी आज्ञा असते. तपकिरी पट्टी वर ठेवली काय आणि खाली ठेवली काय, लांबी तीच राहते, हे पट्ट्यांनी दाखवले. त्यानंतर तराजूच्या एका पारड्यात ५ आणि ३ बटणांच्या दोन पुड्या आणि दुसऱ्यात ६ आणि २ बटणांच्या दोन पुड्या ठेवल्या. मोजण्याआधी सांगायचे होते की काटा कुठे झुकेल. निम्मी मुले सहाच्या बाजूने होती. काटा मधे स्थिरावला, तेव्हा एकाने तराजूच बिघडला असेल अशी शंका काढली आणि पारड्यांची अदलाबदल करून पाहिली. मला ती शंका फार आवडली. बिघडलेला तराजू आणि बरोबर असलेली बेरीज वेगळी कशी ओळखायची, यावर त्या दिवशी जितकी चर्चा झाली तितकी मी योजून घडवू शकले नसते. चिन्हाचा अर्थ दोन्ही बाजू सारख्या असणे हा आहे, असे मी त्यानंतर फक्त शब्दांत मांडले.

आकारांविषयी थोडक्यात सांगते. टोकावर उभा केलेला त्रिकोण मुलांना त्रिकोण वाटत नाही आणि तिरका ठेवलेला चौरस "पतंग" होतो, म्हणून पुठ्ठ्याचे आकार हातात देऊन ते फिरवून पाहू द्यावेत. टँग्रॅम या चौरस कापून केलेल्या चिनी कोड्याचे सात तुकडे यासाठी उत्तम आहेत. शिवाय दोन लहान त्रिकोण जोडून त्यातला चौरसही होतो, समांतरभुज चौकोनही होतो आणि मधला त्रिकोणही होतो, त्यामुळे आकार वेगळे असून क्षेत्रफळ सारखे असू शकते हे हाताला कळते. अपूर्णांकांसाठी कागदाच्या घड्या पुरतात. एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी आणि प्रत्येक वेळी उघडण्याआधी भाग किती असतील ते सांगायचे. तिसऱ्या घडीनंतर सहा भाग होतील असे बहुतेक जण म्हणतात आणि आठ निघतात.

साहित्य मुलांच्या हातातून सोडवायचे कधी आणि कसे, हा भाग मला सर्वांत नाजूक वाटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ साली शिकण्याच्या तीन पातळ्या मांडल्या होत्या: कृती, चित्र आणि चिन्ह. व्यवहारात मधली पायरी गाळली जाते. आज बटणे आणि उद्या थेट उभी मांडणी. आमच्याकडे डब्याचा खेळ ही मधली पायरी आहे. डब्यात सगळ्यांसमोर सात बटणे टाकायची, झाकण लावायचे, आत हात घालून तीन काढून दाखवायची आणि विचारायचे की आत किती राहिली. बटणे आहेत, पण दिसत नाहीत. मुलाला ती मनात ठेवावी लागतात. काही जण झाकणाकडे एकटक बघत बोटे हलवतात. उत्तर सांगून झाले की तेच वहीत चित्राने काढायचे, गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी ठिपका, आणि त्याच्याखाली अंकांत लिहायचे. काड्या हव्या असतील तर घ्यायला केव्हाही मुभा असते. मी त्या काढून घेत नाही; त्या उचलायला जाणे मुलांनाच वेळखाऊ वाटू लागते.

"इतके दिवस झाले, वहीत फारसे काही दिसत नाही," असे पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही, कारण खेळ कागदाला कधीच भिडला नाही तर मुलाला शाळेतल्या गणिताशी त्याचा संबंध लागत नाही. मी त्यांना एकदा बसून डब्याचा खेळ बघायला सांगते. मूल अडले की उत्तर सांगायचे नाही, एवढीच अट असते, आणि ती पाळणे मोठ्यांना फार जड जाते.

सध्या मोठी मुले बटणांचे आयत मांडत आहेत. काही बटणे द्यायची आणि ती सारख्या ओळींमध्ये किती प्रकारे बसतात ते शोधायचे. २४ चे चार आयत निघाले: १ × २४, २ × १२, ३ × ८ आणि ४ × ६. ही मांडणी आडवी फिरवली की ४ × ६ चे ६ × ४ होते, हे कळल्यापासून पाढ्यांतले निम्मे काम वाचल्याचा आनंद सर्वांना आहे. १३ मात्र एका लांब ओळीखेरीज कशातच बसेना. "अजून एक बटण दे, मग होईल," असे सांगून एकाने ते १४ केले, पण मग तो १३ चा आयत नव्हे, हे त्याच्या शेजारणीने लक्षात आणून दिले. अशा संख्यांना मुलांनी "हट्टी" हे नाव दिले आहे आणि ३० पर्यंतच्या हट्टी संख्यांची यादी फळ्यावर चालू आहे. त्यात आधी ९ होता, पण तीन-तीनच्या तीन ओळी दिसल्यावर तो खोडला गेला. २७ वर अजून वाद आहे, कारण नवाचा पाढा येणाऱ्यांचा त्याला विरोध आहे, आणि बाकीच्यांचे म्हणणे आहे की बटणे मांडून दाखवल्याशिवाय काहीही खोडायचे नाही.